जीपचं इंजिन बदलायचं ठरलं तेव्हा

महाडला नझीरभाईंच्या गॅरेजात आमची जीप बोनेट उघडून उभी होती, आणि मी बाजूच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या गावातून, कापड्याहून, गाडी टोचन लावून आणली होती. माझी मुलगी रूपाली बोनेटमध्ये वाकून बघत होती. तिच्या शेजारी वाकलेले नझीरभाई. बोनेट उघडलं की आमच्या गाडीतून एक वास यायचा. तापलेलं ऑइल, डिझेल, आणि त्यात कधीतरी सांडलेल्या सुकटीच्या कालवणाचा अंश. गाडी थंडगार पडली होती, तरी तो वास आलाच. मला एकदम फार दमल्यासारखं झालं.

"वहिनी, खरं सांगू?" नझीरभाई हात पुसत माझ्याकडे वळले. "हिच्यात आता काय ऱ्हायलेलं नाय. बोअर करून झाला, पिस्टन बदलून झाले. आता ब्लॉकलाच चीर गेलीय. जोडकाम करून देईन, पण घाटात टिकायचं नाय. माझ्याकडं एका पिकअपचं इंजिन हाय. गाडी पलटी झालेली, पण इंजिन चांगलं. ते टाका."

"आणि नाही टाकलं तर?" मी विचारलं.

 रस्त्यापलीकडे भंगाराचं दुकान होतं, तिकडे नझीरभाईंनी नुसतं पाहिलं.

"टाकू या," रूपाली म्हणाली. "आये, टाकूच या."

पण गाडी होती ह्यांच्या नावावर. इंजिन बदलायचं तर आधी पेणला आरटीओकडे अर्ज, मग गाडीच्या पुस्तकावर नवा नंबर. त्याला सही ह्यांची. आणि ह्यांनी त्या दिवशी निघताना मला दारातच सांगून ठेवलं होतं, "दुसरं इंजिन घालायचं नाय. त्यापेक्षा भंगारात द्या."

ह्यांचं मूळ घर वर कुडपणला. मी महाडच्या बाजारपेठेतली मुलगी; लग्न होऊन आले तेव्हा हे नुकतेच खाली कापड्याला उतरले होते. भाताचं थोडं शेत होतं आणि दारात ही जीप. मांडवाच्या बांबूला खेटून उभी होती, बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. मला वाटलं, माझ्यासाठी सजवलीय. नंतर कळलं, ती माझ्याआधी थोडेच दिवस घरात आली होती आणि ती बोटं तिच्या स्वतःच्या पूजेची होती.

तेव्हा कुडपणला जायला दुसरं काही नव्हतं. पोलादपूरच्या नाक्यावर हे सीट भरायचे. पुढे तिघं, मागे किती ते देवाला ठाऊक, मागच्या पायरीवर लोंबणारे वेगळे. टपावर तांदळाची पोती, पत्रे, कोंबड्यांची खुराडी, एकदा तर शिवणयंत्र, पायाखालच्या लोखंडी चौकटीसकट. कापडं गाव सोडलं की रस्ता चढणीला लागायचा. गाडी पहिल्या गिअरवर यायची आणि बोलणारी माणसं हळूहळू गप्प व्हायची. इंजिनाचा आवाज एवढा, की शेजारच्याचं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. बायका पदराच्या टोकाला बांधलेलं कोकम काढून जिभेवर ठेवायच्या, उलटी होऊ नये म्हणून. सगळ्या गाडीत कोकमाचा आंबूस वास पसरायचा.

मे महिन्यात त्याच्या जागी वास फणसाचा. मुंबईकर सुट्टीवरून परत निघाले की प्रत्येकाला फणस न्यायचा असायचा. पिकलेला फणस आणि डिझेल हे दोन वास एकत्र आले की आजही मला कुणीतरी गावाहून निघालंय असं वाटतं. डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या गाडीच्या बाजूने चालत यायच्या. हे मुद्दाम गाडी हळू काढायचे. वळणापाशी म्हातारी थांबली की मग गिअर बदलायचे.

श्रावण संपत आला की गणपती. कुडपणच्या घरांचे गणपती पोलादपुरातून जायचे आणि गावकीच्या गणपतीची मूर्ती दर वर्षी माझ्या मांडीवर. मी पुढच्या सीटवर, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, हात तिच्या पाठीला. रंगाचा ओला वास यायचा. त्या दिवशी हे हॉर्न वाजवायचे नाहीत. समोरून गुरं आली तरी थांबून राहायचे. मी एकदा म्हटलं, "वाजवा की." तर म्हणाले, "देव बसलाय मांडीवर. दचकंल ना."

त्यांच्या तोंडून असलं काही वर्षातून एखादं वाक्य यायचं. एरवी मुका माणूस.

पावसाळ्यात घाटात धुकं उतरायचं. भर दुपारी बोनेटच्या पुढचं दिसायचं नाही. मी सोबत असले की खाली उतरायचे. खांद्यावर पिवळा टॉवेल टाकून गाडीच्या पुढे, दरीच्या बाजूने चालत राहायचे. टॉवेल दिसला की ह्यांना कड कळायची. पायाखाली पाणी वाहतंय, कुठेतरी डोंगरातून दगड सुटल्याचा आवाज, आणि पाठीशी ते इंजिन, दम लागलेल्या बैलासारखं. मागे वळून पाहिलं तर दोन दिवे आणि त्यांच्यामागे काही नाही. मी भ्यायले असं कधी झालं नाही. आता विचार करते तेव्हा भीती वाटते.

थंडीत मात्र त्या इंजिनासारखा सोबती नव्हता. पायाशी ऊब यायची. सकाळी भाकरी आणि सुकट कागदात गुंडाळून हे बोनेटखाली ठेवून द्यायचे आणि वर पोचेपर्यंत ती चुलीवरून काढल्यासारखी गरम. पुराच्या साली, महाडात घराघरांत चिखल साचला होता तेव्हा, वरच्या वाड्यांतल्या बायकांनी टोपलीभर नाचणीच्या भाकऱ्या थापून दिल्या होत्या. ती टोपली घेऊन आम्ही माझ्या माहेरच्या गल्लीत शिरलो, तेव्हा गाडी थांबण्याआधीच माणसं दारात आली होती. सगळ्यांच्या अंगाला तोच चिखल. माझा भाऊ मला ओळखू आला तो हसल्यावर.

आणि मग एक एक सीट कमी होत गेली. का, ते सांगण्यासारखं काही नाही. रस्ता चांगला झाला, पोरांनी मोटरसायकली घेतल्या, दारांना कुलपं लागली. नाक्यावर हे गाडी लावून उभे असायचे आणि दुपारी रिकामी परत आणायचे. तरी रोज पुसायचे. काच पुसायला जुनं धोतर ठरलेलं होतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, हात थोडा आला, पाय आला नाही. त्याच सुमारास रूपाली मुंबईहून दोन पिशव्या घेऊन आली ती परत गेली नाही. तिच्या घरात काय झालं ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पहिले काही दिवस ती पडवीत नुसती बसून असायची. बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या. मी दोघांना जेवायला वाढायचे आणि भांडी घासताना रडून घ्यायचे.

मग एका सकाळी तिने जीपवरची ताडपत्री ओढून काढली.

गाडी चालवायला तिला ह्यांनीच शिकवलं होतं. भात कापून झालं, की मळ्यात नुसते बुडखे राहतात आणि जमीन दगडासारखी होते. तिथे ती शाळेतली पोर, स्टिअरिंगच्या चाकावरून जेमतेम पुढचं दिसणारी, गोल गोल गाडी फिरवायची, आणि हे बांधावर उभे राहून ओरडायचे, "क्लच सोड, हळू सोड गो!" गावातले लोक हसायला जमायचे. भाताच्या सुकल्या काडाचा वास आणि धुळीचा लोट. तिच्या लग्नात सासरच्या कुणीतरी विचारलं होतं, मुलीला काय काय येतं? माझ्या जाऊबाईंनी सांगून टाकलं, जीप येते. लोकांना गंमत वाटली होती.

आता तिने मनाशी काहीतरी ठरवलं होतं. कुडपणला धबधबा बघायला, पठारावर राहायला लोक येऊ लागलेत. त्यांच्या लहान गाड्या शेवटच्या चढावर दम टाकतात. पोलादपूरच्या कॉलेजात येणाऱ्या मुली आहेत, दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसं आहेत. "मला नवी गाडी नको," ती म्हणाली. "हीच चालवीन. पण घाटात भरवशाची पायजे."

तिने ती सुरू केली, थोडे दिवस चालवलीही. काळा धूर, ऑइलचा डाग, मग पांढरा धूर. एका चढावर बंद पडली ती पडलीच. म्हणून आम्ही महाडला आलो होतो.

गॅरेजातून घरी परतल्यावर तिने बापाला सगळं सांगितलं. हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नाय."

"आबा, ब्लॉकला चीर हाय. तेच ठेवायचं तर गाडी उभी ऱ्हाणार."

"ऱ्हावदे उभी."

"मग मी काय करू?"

त्यांनी तोंड फिरवलं. रूपालीचा आवाज चढला नाही, पण तिने जे म्हटलं ते मला अजून ऐकू येतं. "ठीक हाय. पुढच्या महिन्यात मी परत मुंबईला जाते. कंपनीत जागा हाय, बोलवतायत."

ती आत गेली. जीप उभी असायची त्या जागेकडे हे बघत राहिले. तिथे जमिनीवर ऑइलचा जुना काळा डाग होता आणि त्यावर आमची कोंबडी माती उकरत होती.

दुपारी मी ह्यांच्या पायाला तेल चोळायला बसते. कोमट खोबरेल तेल, त्यात ओवा टाकलेला. पोटरीपासून खाली. रोजचंच. त्या दिवशी माझा हात मध्येच थांबला. पुढे चोळण्याचं बळच येईना.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दमले."

"बस जरा."

"बसून जाणारं नाय ते." मी एवढ्या वर्षांत त्यांच्यासारखंच बोलायला लागलेय, कधी कधी मलाच आश्चर्य वाटतं. "पोरगी जाणार."

त्यांनी डाव्या हाताने अंगावरची चादर सारखी केली.

"तुम्हाला ते इंजिन का नको, ते सांगा तरी."

 बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली. मग ते म्हणाले, "लोकांना तिचा आवाज माहीत हाय. घाटातून उतरताना ऐकला की कळतं, बाळाराम आला. तुला पण कळायचं. दुसरं इंजिन घातलं तर गाडी कुणाचीपण होईल." मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "तुला आवडायचा तो आवाज. मी यायच्या आधी चहा टाकलेला असायचा."

खरं होतं. वरच्या वळणावर गिअर पडला की तो आवाज पहिल्यांदा यायचा, मग डोंगराआड जायचा, मग पुलाजवळ पुन्हा. तेवढ्यात दूध उकळायचं. सगळ्या कापड्यात तो माझ्याइतका कुणी ओळखत नसेल. पण त्या दुपारी मला जे वाटलं ते मी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"मला आवडायचा नाय तो," मी म्हटलं. "पाऊस लागला की मी दारात कान लावून बसायचे. हातातलं काम सुचायचं नाय. दरड आली असेल, ब्रेक गेला असेल, काय काय मनात यायचं. आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. उभं आयुष्य मी असं ऐकत काढलंय. तुम्ही घरी आलात हे मला आवडायचं. इंजिन कसं वाजतंय याच्याशी मला काय करायचं होतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. वारं गेल्यापासून त्यांचा एक डोळा जरा उघडाच राहतो, त्यामुळे ते काय विचार करतायत ते पूर्वीसारखं कळत नाही.

"आता तिचं ऐकत बसायचं," मी म्हटलं. "ती गाडी घेऊन वर गेली की मी परत दारात बसणार. तर निदान इंजिन चांगलं असू द्या. चीर पडलेल्या इंजिनावर मी पोरगी पाठवणार नाय, आणि तिला मुंबईलाही पाठवणार नाय. मला ती घरात पायजे."

मी पुन्हा तेल घेतलं आणि चोळायला लागले.  ते म्हणाले, "ओवा जास्त झालाय आज."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रूपालीला हाक मारली. "रूपा गो, तो अर्जाचा कागद आण." त्यांनी डाव्या हाताने सही केली, वेडीवाकडी, शाळेतल्या पोरासारखी. आणि म्हणाले, "इंजिन काढायच्या आधी मला एकदा न्या."

कागदोपत्री होकार आल्यावर आम्ही तिघं रिक्षाने महाडला गेलो. नझीरभाईंनी ह्यांना पाहून हातातला पाना खाली ठेवला. दोघांची जुनी ओळख. कधीकाळी, नझीरभाईही गाडी चालवायचे तेव्हा, दोघं पाचाडला एकाच हॉटेलात पिठलं-भाकरी खायचे, गडावर येणाऱ्या लोकांची वाट बघत. "बाळारामभाऊ, या," म्हणून त्यांनी स्वतः हाताला धरून ह्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. उजवा पाय मी उचलून आत ठेवला.

ह्यांनी डावा हात पलीकडे नेऊन चावी फिरवली. इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा लागला. पूर्वी ते हीटर देऊन तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे, देवाचं नाव असेल. त्या दिवशीही ओठ हलले. मग स्टार्टर मारला. इंजिन घरघरलं, गाडी हलली, मागून पांढरा धूर आला. मला वाटलं, सुरू झालं. एक क्षण झालंच होतं. मग खोकला यावा तसं झालं आणि बंद.

 शेजारच्या दुकानात कुठलंसं भजन लागलं होतं.

"परत मारू, भाऊ?" नझीरभाई म्हणाले. "मी बॅटरी दुसरी लावतो."

"नको," हे म्हणाले. "ऱ्हावदे. दमलंय ते."

साखळीच्या कप्पीने इंजिन वर काढलं तेव्हा आम्ही थांबलो होतो. ते एवढं लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खाली लाकडी ओंडक्यांवर ठेवलं. रूपाली बापाजवळ जाऊन उभी राहिली. तिने त्यांचा हात धरला नाही, नुसती खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पोकळ झालेल्या बोनेटमधून थेट खालची जमीन दिसत होती.

नवं इंजिन ज्यावर बसायचं ती फाउंडेशनं जुळेनात, पाइप कमी पडले, एक भाग मुंबईहून यायला वेळ लागला. नझीरभाई रोज उद्या म्हणायचे. भाताची कापणी झाली, झोडणी झाली. रूपाली रोज सकाळी महाडला जायची आणि संध्याकाळी हात काळे करून यायची. परत मुंबईचं नाव तिने काढलं नाही. एका संध्याकाळी दारात गाडी थांबली तरी मला कळलं नाही. मी चुलीपाशी होते. तिने हाक मारली, "आये, बाहेर ये ना." मी येऊन बघते तर जीप दारात उभी, सुरू, आणि मला काही ऐकूच आलं नव्हतं. मला जरा परकं वाटलं. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यासारखं.

नारळ फोडायला कुडपणच्या देवळात जायचं ठरलं. सकाळचं ऊन कोवळं होतं. ह्यांनी स्वच्छ सदरा घातला. कुठे बसायचं, यावर कुणी बोललं नाही; ते काठी टेकत टेकत वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि माझ्या आधाराने चढून बसले. मी मागे. रूपालीने ओढणी कमरेला बांधली.

घाट लागला. मी मागून तिचे हात बघत होते. वळणाच्या आधी ती गिअर उतरवत होती, समोरून एसटी आली तर कडेला घेत होती. ती मधूनमधून बापाकडे बघत होती, काही चुकतंय का म्हणून. ते काही बोलत नव्हते. उन्हात वाळलेल्या गवताचा वास येत होता, कारवीच्या झुडपांचा, आणि कुठेतरी वणवा लागून गेल्याचा. मला वाटलं, त्यांना राग आलाय. सगळं परकं वाटत असणार. मधल्या एका चढावर तिने न राहवून विचारलं, "आबा, बराबर चाललीय ना?"

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा पाहिलं आणि गाडी हळू केली.  मी पुढे वाकले.

मान खिडकीकडे कलली होती. तोंड किंचित उघडं, काठी गुडघ्यांत. ते झोपले होते. इंजिन इतकं शांत चाललं होतं, की त्यांचं घोरणं मागच्या सीटवर ऐकू येत होतं. उभ्या आयुष्यात ह्या माणसाने कुणाच्या गाडीत डोळा मिटला नव्हता. एसटीतसुद्धा ताठ बसायचे, नसलेला ब्रेक पायाने दाबत.

"थांबू?" रूपाली कुजबुजली.

"नको गो," मी म्हटलं. "देवळापाशी पोचलीस तरी थांबू नको. रस्ता जाईल तिथपर्यंत ने, मग वळव."